छत्तीस सेकंदांचा किलोमीटर

आगगाडीत बसल्यावर कोणी शिदोरी सोडतो, कोणी उशाला पिशवी घेऊन आडवा होतो, कोणी समोरच्याची चौकशी आरंभून त्याच्या तीन पिढ्यांचा ठाव घेतो. प्रस्तुत लेखक खिशातून स्टॉपवॉच काढतो. हा छंद फार जुना आहे. शाळेच्या मैदानावर मुलांच्या शर्यती मोजण्यासाठी घेतलेले घड्याळ सुट्टीत प्रवासाला बरोबर आले आणि पुढे आगगाड्यांच्याच सेवेला लागले. शिक्षकी संपली, मैदान सुटले. घड्याळ मात्र अद्याप चालते.

या छंदाला खर्च नाही आणि विद्वत्ताही लागत नाही. पूर्वी रूळ तेरा तेरा मीटरचे असत आणि प्रत्येक सांध्यावरून जाताना चाक ठोका देई. सत्तेचाळीस सेकंदांत जितके ठोके ऐकू येतील, तितके किलोमीटर ताशी गाडीचा वेग, असा सोपा हिशेब होता. डोळे मिटूनही तो करता येई. आता रूळ जोडून लांबच लांब केलेले असतात आणि तो ठोका बहुतेक मार्गांवरून नाहीसा झाला आहे. मात्र विजेचे खांब आले. प्रत्येक खांबावर दोन आकडे रंगविलेले असतात: वरचा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरातील खांबाचा. वरचा आकडा बदलला की घड्याळ दाबावयाचे आणि पुन्हा बदलला की थांबवावयाचे. ३६०० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी वेग हाती येतो. छत्तीस सेकंद लागले तर शंभर, तीस लागले तर एकशेवीस, साडेबावीस लागले तर एकशेसाठ. ज्याला भागाकार येतो त्याला एवढे पुरे.

हल्ली हातातला मोबाइल हेच काम बसल्या जागी करतो, मग ही यातायात कशाला, असे घरचे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण बोगद्यात शिरल्यावर मोबाइल मुका होतो, आणि कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. दुसरे असे की, आपण स्वतः मोजलेला आकडा चुकला तर तो का चुकला हेही आपल्यालाच शोधावे लागते. छंदाची अर्धी गोडी त्या शोधात आहे.

या छंदाचे आद्य पुरुष म्हणजे इंग्लंडातील पत्रकार चार्ल्स राउस-मार्टेन. ९ मे १९०४ रोजी ते प्लिमथहून निघालेल्या टपालगाडीत घड्याळ घेऊन बसले होते. बोटीने आलेले टपाल लंडनला लवकर पोचविण्याची तेव्हा मोठी चढाओढ होती. ‘सिटी ऑफ ट्रुरो’ नावाचे वाफेचे इंजिन वेलिंग्टनचा उतार उतरू लागले तेव्हा त्यांनी पाव मैलाचे अंतर ८.८ सेकंदांत कापले गेल्याची नोंद केली. याचा अर्थ ताशी १०२.३ मैल, म्हणजे सुमारे १६५ किलोमीटर. प्रवासी घाबरतील या शंकेने कंपनीने त्या आकड्याचा बरीच वर्षे गाजावाजा केला नाही. पुढे तो प्रसिद्ध झाला आणि वादही सुरू झाला, तो आजतागायत मिटलेला नाही. कारण राउस-मार्टेन यांचे घड्याळ सेकंदाचा पाचवा भाग दाखवी. ८.८ च्या जागी ९ सेकंद धरले तर वेग बरोबर शंभर मैलांवर येतो. काटा दाबणाऱ्या अंगठ्याला डोळे मिचकावण्याइतका उशीर झाला असेल की नसेल, यावर शंभर वर्षे कागद खर्ची पडले आहेत.

एवढी प्रस्तावना पुरे. गेल्या फेब्रुवारीत एका लग्नाच्या निमित्ताने आम्हांला खेडला जावे लागले. बरोबर चौदा वर्षांचा नातू होता. आमचे घर गोव्यात, थिवी स्थानकापासून फार दूर नाही. परतताना मुंबईहून मडगावला जाणारी वंदे भारत गाडी घ्यावी आणि खेडपासून थेट अखेरच्या स्थानकापर्यंत तिचा वेग मोजावा, असा बेत नातवाने व मी परस्पर ठरविला. थिवीला न उतरता पुढे मडगावला जाऊन पुन्हा दुसऱ्या गाडीने मागे यावयाचे, हे ऐकून घरातील वडीलधाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. “घरावरून पुढे जाऊन परत यायचे, आणि त्याचे पैसेही भरायचे!” असे त्या म्हणाल्या. त्यांना उत्तर देणे शक्य नव्हते.

ही गाडी २७ जून २०२३ रोजी सुरू झाली. खरे तर तिचा शुभारंभ ३ जूनला व्हावयाचा होता. परंतु आदल्या दिवशी ओडिशात बालासोरजवळ भीषण रेल्वे अपघात झाला आणि समारंभ रद्द करावा लागला. या गाडीला वेगळे इंजिन नाही. डब्यांखालीच विजेच्या मोटारी बसविल्या आहेत, त्यामुळे सगळी गाडी एकदम पुढे सरकते. इंजिनाने डबे ओढताना जो हिसका बसतो तो बसत नाही. चेन्नईच्या डब्यांच्या कारखान्यात जन्मलेल्या या जातीच्या पहिल्या गाडीने २०१८ साली चाचणीत ताशी १८० किलोमीटरचा वेग गाठला होता. हे सर्व नातवाला मुखोद्गत होते. किंबहुना तो खेडच्या फलाटावर उभा होता तो १६० चा आकडा वहीत लिहिण्याच्या तयारीनेच.

दारे आपोआप मिटली आणि गाडी निघाली. शून्यापासून शंभरावर ही गाडी एका मिनिटाच्या आत जाऊ शकते असे सांगतात, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण स्थानकातून बाहेर पडताना सांध्यांवरून जपून जावे लागते. शेवटचा डबा सांधा ओलांडीपर्यंत वेग वाढविता येत नाही. शंभराचा आकडा आम्हांला दिसला तेव्हा मिनिटाच्या कितीतरी पुढे काटा गेला होता. नातवाचा पहिला हिरमोड तो.

खेडच्या पुढे चिपळूण, संगमेश्वर मागे पडले. खांब कधी डाव्या बाजूला, कधी उजव्या बाजूला येत. आमची जागा एका बाजूच्या खिडकीशी, तेव्हा अर्धे किलोमीटर निसटून गेले. मग उक्षीच्या पुढे करबुड्याचा बोगदा आला. हा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा झाला तेव्हा देशातील रेल्वेचा सर्वांत लांब बोगदा होता. येथे खांब मोजण्याची गरज नव्हती. अंधार झाला तेव्हा घड्याळ दाबले, उजेड आला तेव्हा थांबविले: ४ मिनिटे ५ सेकंद. नातवाने कागदावर भागाकार मांडला आणि ताशी साधारण ९५ किलोमीटर असे उत्तर आणले. “एवढेच?” तो म्हणाला.

एवढेच, हे खरे. पण ज्यांनी तो डोंगर पोखरला त्यांच्या दृष्टीने हे एवढेच नव्हते. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस आणि कामाची धुरा होती ई. श्रीधरन यांच्याकडे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, त्यात लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल, आणि संपूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ रोजी. तोपर्यंत मुंबईहून गोव्याला यावयाचे म्हणजे एक तर मिरज-लोंढ्याचा घाटाचा फेरा, नाही तर बस, नाही तर बोट. माझ्या पिढीतील गोंयकारांना भाऊच्या धक्क्यावरील ती रात्र आणि डेकवर अंथरलेली ती पथारी आठवत असेल. या मार्गाच्या बांधणीत ज्या कामगारांनी प्राण गमावले त्यांचे स्मारक रत्नागिरीला आहे.

गंमत अशी की, हा मार्ग आखतानाच १६० किलोमीटर वेगाचा विचार केलेला होता. वळणे मोठ्या त्रिज्येची घेतली, चढ सौम्य ठेवले. डोंगर आडवा आला तर वळसा न घालता त्याच्या पोटातून गेले आणि दरी आली तर तिच्यावरून. रत्नागिरी सोडल्यावर लगेच पानवलचा पूल लागतो. त्याचा सर्वांत उंच खांब ६४ मीटरांचा आणि लांबी ४२४ मीटर. खाली पाहावे की घड्याळाकडे, असा पेच तेथे पडतो. मी खाली पाहिले, नातवाने घड्याळाकडे. सतरा सेकंद. म्हणजे ताशी ९० च्या आसपास. खालची झाडे हिरव्या शेवाळासारखी दिसत होती आणि पाणी म्हणून एक चमकती रेघ.

राजापूरच्या आसपास गाडीने खरा वेग घेतला. रूळ सरळ, खांब आमच्या बाजूला, ऊन स्वच्छ. मी एक किलोमीटर ३०.४ सेकंदांत मोजला, म्हणजे ११८. दुसरा ३०.६. एवढ्यात नातू ओरडला, “आजोबा, बावीस सेकंद! एकशेत्रेसष्ट!” आणि मी काही बोलण्यापूर्वी त्याने तो आकडा वहीत लिहून त्याभोवती चौकट काढली.

डब्याच्या टोकाच्या पडद्यावर त्या वेळी ११७ हा आकडा दिसत होता. मी त्याला पडद्याकडे बोट दाखविले नाही. एवढेच विचारले, “पहिला खांब कितवा पाहिलास?” तो विचारात पडला. काजूच्या झाडांची एक रांग आड आली होती. वरचा आकडा बदललेला त्याला दिसला, तेव्हा गाडी त्या किलोमीटरातील चार-पाच खांब ओलांडून गेली होती. अर्थात घड्याळ तेवढे उशिरा सुरू झाले. खोटे त्याने लिहिले नव्हते. त्याला जे हवे होते तेच त्याला दिसले होते. त्याने तो आकडा खोडला, पण इतका गिचमिड करून की खाली काय होते ते वाचता येऊ नये. मी म्हटले, “एकच रेघ मार. चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिही.” तो घुश्शात होता, पण त्याने लिहिले: ‘काजू आड आले.’ राउस-मार्टेन यांच्या त्या उतारावर काजू नव्हते, इतकेच.

वैभववाडी मागे गेली तेव्हा मी घड्याळ खिशात घातले. नातवाने कारण विचारले. २२ जून २००३ च्या रात्री याच परिसरात डोंगरकापणीतील दरड रुळावर आली आणि कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून अधिक माणसे गेली. सुट्टी संपवून घरी परतणारी कुटुंबे होती ती. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा गाडीला तसाच अपघात झाला आणि पुन्हा बळी पडले. त्यानंतर कापण्यांचे उतार कमी करण्यात आले, दगड अडविण्यासाठी पोलादी जाळ्या बसविल्या, पावसाचे मोजमाप करणारी यंत्रे स्थानकांवर आली, आणि रात्रंदिवस पावसात रुळांवरून चालणारे गस्तवाले वाढविले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पावसाळ्याचे वेळापत्रक निराळे, सावकाश वेगाचे झाले. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर गाडी ताशी ४० किलोमीटरने न्यावी असा दंडक आहे. चाळीसने जाणाऱ्या गाडीला एका किलोमीटरला दीड मिनिट लागते. पावसाळ्यात आमच्याकडील मंडळी या दीड मिनिटावर फार बोलतात. कोरड्या दिवसांत मुंबई-मडगाव हे ५८६ किलोमीटरचे अंतर पावणेआठ तासांत तोडण्याचे २०२३ चे वेळापत्रक होते. पावसाळ्यात त्याच गाडीला दहा तास दिलेले होते. ते दोन तास कशाचे, हे वैभववाडीच्या कापणीतून जाताना मुलाला सांगावेसे वाटले. त्याने वहीत काही लिहिले नाही. खिडकीबाहेर कापणीच्या भिंतीवरील जाळी सरकत होती, तिच्याकडे तो पाहत राहिला.

कणकवली सोडल्यावर एका लहान स्थानकातून गाडी न थांबता गेली. बाजूच्या रुळावर पॅसेंजर उभी होती. तिच्या दारांत माणसे उतरून उभी, एक म्हातारी पायरीवर बसून मुलाला केळे भरवीत होती, आणि सगळ्यांचे डोळे आमच्याकडे. आमच्यासाठीच त्यांना थांबविले होते. मार्गाचा बहुतेक भाग एकेरी आहे. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ साली दुहेरी झाला, बाकीच्या मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी कोणाला तरी थांबावेच लागते.

येथे या सगळ्या मोजणीचे मर्म आहे, म्हणून थोडा हिशेब सांगतो. वाचकांनी कंटाळू नये. ताशी ११० च्या वेगाने किलोमीटरला पावणेतेहतीस सेकंद लागतात, १२० ने तीस. फरक पावणेतीन सेकंदांचा. म्हणजे शंभर किलोमीटर सतत १२० ने धावून गाडी जेमतेम साडेचार मिनिटे मिळविते. उलट एका ठिकाणी वेग कमी करून, थांबून, समोरची गाडी जाऊ देऊन पुन्हा वेग घ्यावयाचा, तर तेवढी मिनिटे सहज जातात. शंभर किलोमीटरची कमाई एका क्रॉसिंगमध्ये खर्च! म्हणूनच १६० ने धावू शकणारी गाडी मुंबईहून मडगावला येते ती सरासरी ७५ किलोमीटरने. आमच्या ग्वाल्हेरच्या वाचकांना याची उलट बाजू ठाऊक असेल. त्यांच्या मार्गावरील गतिमान गाडी ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली तेव्हा निजामुद्दीन ते आग्रा हे १८८ किलोमीटर अंतर १०० मिनिटांत तोडण्याचे तिचे वेळापत्रक होते. सरासरी ११३ ची. तेथे जमीन सपाट आणि मार्ग एकेरी नाही. जाहिरातीत नेहमी वरचा आकडा असतो. घरी जेवायला किती वाजता पोचणार हे मात्र खालचा आकडा ठरवितो.

गोव्याची हद्द लागली. पेडण्याचा बोगदा लांबीला फार नाही, पण मऊ मातीमुळे तो खणताना पुन्हा पुन्हा ढासळला आणि संपूर्ण मार्ग त्याच्यासाठी खोळंबून राहिला. जुलै २०२४ मध्ये याच बोगद्यात पाणी शिरले आणि वाहतूक बंद पडली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. मग आमचे थिवी आले. ओळखीचा रिक्षावाला फलाटाबाहेर दिसला. आम्ही दोघे जागेवर बसून राहिलो आणि दारे मिटली, तेव्हा मलाही क्षणभर घरच्या बाईंचे बोलणे आठवले.

मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मधला प्रदेश डोळे भरून पाहण्यासारखा आहे. खाजनाची शेते, माडांच्या रांगा, दूरवर पांढरे कळस. नव्वदीच्या सुरुवातीला याच भागातून रेल्वे नेण्याला गोव्यात मोठा विरोध झाला होता. खाजने बुडतील, जुन्या गोव्याच्या वास्तूंना धक्का पोचेल, अशी भीती होती. १९९३ साली काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांची समिती नेमली गेली. अखेर मार्ग बहुतांशी आखला होता तसाच झाला. विरोध करणाऱ्यांना पुष्कळांनी त्या वेळी मागासलेले म्हटले. मला तसे वाटत नाही. ज्याच्या शेताच्या बांधावरून रूळ जाणार त्याने दहा प्रश्न विचारावेत, हे योग्यच होते. जुवारीच्या पुलावर आम्ही वेग मोजला नाही. ऊन पाण्यावर होते आणि खाली एक होडी जाळे टाकीत होती.

मडगावला उतरलो. जेवणात शितकडी आणि तळलेला बांगडा मिळाला. नातवाने त्याचीही वेळ टिपली, पण तो भाग येथे गाळतो.

परतीला साधी गाडी मिळाली. उघड्या खिडक्या, दारात वारा, आणि रुळांच्या सांध्यांवर मधूनच ऐकू येणारा तो जुना ठोका. एका लहान स्थानकावर ती बाजूच्या रुळावर जाऊन थांबली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. एक बाई काकड्या विकत फिरली. समोरच्या बाकावरील गृहस्थांनी सरकारपासून पंचायतीपर्यंत सर्वांना नावे ठेवून झाली. नातू घड्याळ हातात धरून बसला होता. पुढे समोरून गाडी आली, धडधडत निघून गेली, आणि तिच्या काचांमधून काही चेहरे आमच्याकडे पाहत गेले.

“आजोबा, हे धरायचे का?” त्याने विचारले. “गाडी चालतच नव्हती, तर मग वेग कसला?”

“धर,” मी म्हणालो.

त्याने घड्याळ थांबविले आणि लिहिले: ‘क्रॉसिंग, २३ मि. १० से.’ मग थोडे थांबून शेजारी कारण लिहिले: ‘दुसरी गाडी जायची होती.’

थिवीला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. रिक्षावाल्याने आम्हांला दुपारी गाडीच्या खिडकीत पाहिले होते. झोप लागून थिवी चुकली असावी, असे त्याने गावभर सांगूनही टाकले होते.